हसनाबादच्या गल्लीतली न जळणारी वात

कौसल्याबाईंचा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. हसनाबादच्या बाजारात त्या तराजूच्या पारड्याखाली हात घालून बघतात, खाली काही चिकटवलंय का. थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते, तेव्हा त्या आधीच एसटीने त्यांच्या गावी गेल्या, बांगडीवालीशेजारी बसून चौकशी केली आणि नंतर पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं. गल्लीत त्यांना 'सीआयडी' म्हणतात. तोंडावर म्हणण्याची हिंमत फक्त शेजारच्या गोजरबाईंची.

त्यांचा नवरा तातेराव जालन्यातल्या एका लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर होता. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचा, सुट्टीला गावी यायचा. भट्टीच्या दाराच्या फटी बुजवायला तिथे जाड पांढरी रस्सी वापरत. एकदा तिचं उरलेलं टोक त्यानं गंमत म्हणून घरी आणलं आणि चुलीत टाकून दाखवलं. रस्सी तापली, लाल झाली, बाहेर काढल्यावर होती तशीच.

ही गंमत बघून गल्लीतल्या बायकांना देवघर आठवलं. नवरात्रात घट बसले की नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही. कापसाची वात जळत जाते, तेलात बुडते. दिवसभर सोयाबीन काढून आलेल्या बाईला रात्रीतून उठून ती पुढे सारावी लागते. या रस्सीची वात तेल पिते, पण जळत नाही. पुढच्या घटापासून तातेरावाच्या पिशवीत गल्लीपुरती टोकं येऊ लागली. बायका ओसरीवर बसून पीळ उसवायच्या, धागे मोकळे करायच्या, मांडीवर वळायच्या. उडालेली भुरभुर पदरानं झटकायच्या. सगळ्यात सफाईदार हात उषाबाईंचा. त्या कौसल्याबाईंच्या चुलत जाऊ. गल्लीभर वाती त्याच वळून द्यायच्या. हे बरीच वर्षं चाललं.

मिल सुटली, आणि पुष्कळ काळानं तातेरावाला धाप लागू लागली. छातीत पाणी झालं. छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडे पहिला अंदाज टीबीचा असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. उतार पडेना.

"थुंकीत जंतू न्हाई म्हणता, मंग गोळ्या कशाच्या?" कौसल्याबाईंनी विचारलं. उत्तर पटलं नाही, म्हणून त्या नवऱ्याला घेऊन संभाजीनगरला गेल्या. तिथे फुप्फुसावरच्या आवरणाचा तुकडा काढून तपासला. त्या आवरणाचाच कॅन्सर होता. रस्सीचं कळल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, ती ॲस्बेस्टॉसची. तिचे धागे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होऊन श्वासातून आत जातात, तिथेच रुतून बसतात, आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी रोग उठतो. तातेराव तो उन्हाळा काढू शकला नाही.

तेराव्यानंतर कौसल्याबाई घरोघर जाऊ लागल्या. त्यांचं सांगणं थोडकं होतं. रस्सी असेल तर उसवू नका. कोरडी झाडू नका. ओली करून एकात एक दोन पिशव्यांत बांधून ठेवा. कोणाला धाप असेल, छातीत पाणी झालं असेल, तर डॉक्टरला वातींचं सांगा.

गल्लीनं ऐकून घेतलं आणि हिशेब मांडला: हिला यात काय मिळतं? कोणी म्हणालं, मिलकडून भरपाई काढायचीय. कोणी म्हणालं, दवाखान्याचं कमिशन असणार. गोजरबाई ओसरीवरून उठल्याही नाहीत.

"तुझाच नवरा आणायचा, तूच वाटायची. आता तूच इख म्हणून राह्यली? देवीच्या दिव्याला नाव ठेवती, कौसे, तोंड झडंल तुझं."

"माझ्या तोंडाचं राहू द्या. रस्सी कुठंय तुमची?"

"हाये देव्हाऱ्याखाली. झडती घेती का, सीआयडी?"

दिवाळीनंतर उषाबाईंना धाप लागली. छातीतून एकदा पाणी काढलं, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. कौसल्याबाई गेल्या तर उषाबाईंचा मुलगा कल्याण दारातच उभा राहिला. त्याचं स्टँडजवळ खता-बियाण्याचं दुकान आहे.

"काकू, आईचा इलाज बराबर चालू आहे."

"थुंकीत निघालं का काही?"

"तुम्ही डॉक्टर हैत का?"

"न्हाई. म्हणून तर विचारून राह्यले."

कल्याणनं मागे बघितलं आणि आवाज उतरवला. "तृप्तीचं टेंभुर्णीला जमून राह्यलंय. कॅन्सरचं नाव निघालं तर ते लोक म्हणतील, खानदानी आहे. मंग माझ्या पोरीला कोण करील?"

"हा खानदानी न्हाई. एकाचा दुसऱ्याला लागत बी न्हाई. धाग्याचा है."

"हे तुम्ही टेंभुर्णीला जाऊन सांगणार?"

स्वतः पाहुण्यांना चहावर परत पाठवलेल्या कौसल्याबाईंनी उंबऱ्याशी चपला काढल्या.

आतून उषाबाई बोलल्या. त्यांना आडवं होता येत नव्हतं. भिंतीला उशा लावून बसल्या होत्या. "येऊ दे रे तिला. गोळ्यांनी लघवी तेवढी लाल होती, धाप जात न्हाई."

कल्याणनं अट घातली. संभाजीनगरला नेतो, पण गावात कळता कामा नये. आणि लग्न होईस्तोवर काकूंनी गल्लीत या विषयावर एक शब्द काढायचा नाही. कौसल्याबाई "बरं" म्हणाल्या. कल्याणचा त्या शब्दावर विश्वास बसला नाही. मागे गावात मोकळं सोडण्यापेक्षा त्यानं त्यांनाही गाडीत घेतलं.

दवाखान्यात उषाबाईंनी मांडीवर हात फिरवून वात कशी वळायची ते डॉक्टरांना करून दाखवलं. तुकडा तपासायला गेला. तातेरावाचं निघालं तेच निघालं. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. बरं होणार नाही, हे डॉक्टरांनी कल्याणला स्पष्ट सांगितलं. पाणी पुन्हा साठू नये म्हणून इलाज केला, दुखण्यावर औषध दिलं. उषाबाई घरी आल्या त्या रात्री आडव्या होऊन झोपल्या.

कौसल्याबाईंनी शब्द पाळला. भट्टीवर कधी न गेलेल्या बाईलाही तोच रोग, ही त्यांचं म्हणणं खरं ठरवणारी एकच गोष्ट हातात आली होती, आणि ती सांगता येत नव्हती. त्यांच्या गप्प बसण्याचाही गल्लीनं अर्थ लावला.

"कमिशन बंद पडलं वाटतं," गोजरबाई येता-जाता म्हणायच्या.

लग्नाआधी कल्याणच्या घरी देवीचा गोंधळ ठरला. दिव्याच्या वातींचं काम गोजरबाईंनी हौसेनं अंगावर घेतलं, कारण उषाबाईंना आता होत नव्हतं. सकाळच्या उन्हात ओसरीवर रस्सी उसवत त्या बसल्या होत्या. नातसून शेजारी धागे मोकळे करत होती. उन्हात भुरभुर दिसत होती. कौसल्याबाईंनी आपल्या दारातून ते पाहिलं. त्या आत गेल्या, भरलेली कळशी घेऊन आल्या आणि रस्सीवर, धाग्यांवर, गोजरबाईंच्या मांडीवर ओतली.

गोजरबाईंनी सात पिढ्यांचा उद्धार केला. गल्ली जमली. नवरा गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कौसल्याबाई रिकामी कळशी घेऊन घरात गेल्या.

संध्याकाळी कल्याण आला. "काकू, बोलायचं न्हाई ठरलं व्हतं."

"बोलले का?"

तो आल्या पावली वळला. मग गोजरबाईंकडे जाऊन म्हणाला, गोंधळाला कापसाच्या वाती पाहिजेत, गोंधळ्यानंच सांगितलंय. गोंधळ्यानं असं काही सांगितलं नव्हतं. गोजरबाईंना ते खरं वाटलं नाही, पण घर त्याचं होतं.

लग्न झालं. उषाबाई मांडवात खुर्चीवर बसल्या. विचारणाऱ्याला टीबी सांगितला गेला. तृप्ती टेंभुर्णीला नांदायला गेली, आणि मग कल्याण स्वतः कौसल्याबाईंना बरोबर घेऊन गल्लीत फिरला. आईला काय झालंय ते त्यानं दारोदार सांगितलं. काही घरांनी रस्सी ओली करून बांधून दिली. काहींनी दारं लावली.

"तुला बी वाटा देती का रे ही?" गोजरबाईंनी कल्याणला विचारलं.

पण दुपारी त्या एकट्या उषाबाईंकडे गेल्या. कौसल्याबाई तिथेच औषध मोजत होत्या. त्यांच्याकडे न बघता गोजरबाई खाटेजवळ बसल्या.

"उषे, हे दोघं जे सांगून राह्यले ते खरं का?"

"खरं है."

"देवीच्या कामाला हात लावला आपण. तिनं असं का करावं?"

"तिनं न्हाई केलं. धागा वाईट व्हता," उषाबाई थांबून थांबून म्हणाल्या. "कापसाची वात विझली तर पुन्हा लावता येती, गोजरबाई."

गोजरबाई उठल्या. घरी जाऊन ओली पिशवी घेऊन आल्या आणि उषाबाईंच्या पायाशी ठेवली. कौसल्याबाईंच्या हातात दिली नाही.

"सगळी हीच का?" कौसल्याबाईंनी विचारलं.

गोजरबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग पुन्हा घरी गेल्या आणि दुसरी पिशवी घेऊन आल्या.