मामांचे गोळे, मामींचं ‘असू द्या’

आमच्या हिच्या मामांइतके खिम्याचे गोळे कळलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही, आणि या माणसाने गेल्या एकवीस वर्षांत एकही गोळा तोंडात घातलेला नाही. अशा माणसाच्या पंगतीत बसून मी परवा मीठ मागितलं. मोठ्याने नाही हो, शेजारच्या साडूला कोपराने ढोसून हळूच म्हणालो, “जरा मीठ सरकवा.” पण माझी कुजबुज म्हणजे तीन मजले खालच्या वॉचमनला हाक मारायच्या लायकीची. पंगत थांबली. समोरून आमच्या हिने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मामा मूळचे सायखेड्याचे. नोकरी भूमापनात, मोजणीदार म्हणून. आयुष्यभर दुसऱ्यांचे बांध मोजल्यामुळे त्यांची नजर अशी झाली आहे की आपल्या घरी आले तर आधी भिंतीवरचा फोटो सरळ करतात, मग पाणी मागतात. कळवणला असताना बांधावरून हातघाईवर आलेल्या दोन भावांना त्यांनी मोजणीआधी आपल्या क्वार्टरवर बोलावून गोळे खाऊ घातले होते. बांधाचं भांडण काही मिटलं नाही, पण दोघांनी वेगवेगळ्या वेळी येऊन मसाल्याचं प्रमाण विचारून नेलं. हीच नजर खिम्यावर. मशीनचा खिमा त्यांच्या लेखी चिखल. ते बोकडाची अख्खी रान, म्हणजे मांडी, आणतात, लाकडी ठोकळ्यावर दोन हातांत दोन सुरे घेऊन तासभर बारीक करतात, आणि त्या तासात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. भाजलेलं खोबरं, आलं-लसूण, डाळ्याचं पीठ घालून मळलं की अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात बसेल एवढाच गोळा. एकदा माझ्या पानात आलेला गोळा त्यांनी डावाने परत उचलला. मला वाटलं, माझं काही चुकलं. म्हणाले, “जावईबापू, हा दोन सूत लहान हाय. तुमच्यावर अन्याय नको.” काळ्या मसाल्याच्या उकळत्या रश्शात गोळे सोडल्यावर त्यात पळी घालायची नाही. फडक्याने पातेलं दोन्ही कानांना धरून ते गोल हलवतात, तान्ह्या बाळाला आंदुळावं तसं. साडूंनी एकदा गोळा चमच्याने कापायला घेतला, तर मामांनी चमचा काढून घेतला आणि विचारलं, “ऑपरेशन करायचंय का? हाताने मोडा.”

आता असा माणूस स्वतः का खात नाही? तर मामा-मामी काशीला गेले होते. तिथे आवडीची एक गोष्ट कायमची सोडून यायची पद्धत आहे. त्यांच्या बरोबरच्या मंडळींनी आवडीची म्हणून कारलं सोडलं, पडवळ सोडलं. एका गृहस्थांनी चहा सोडला आणि परतीच्या गाडीत भुसावळ यायच्या आत पुन्हा धरला. मामांनी मात्र गंगेत उभं राहून खिम्याचे गोळे सोडले. मामी काठावरून ओरडल्या म्हणे, “अहो, तुम्ही सोडलेत, मी नाही सोडले! मला कोण करून घालणार?” मामा पाण्यातूनच म्हणाले, “मीच. खायचे सोडलेत, करायचे नाय.”

तेव्हापासून दर आखाडात, श्रावणाआधीच्या शेवटच्या रविवारी, सिडकोतल्या त्यांच्या घरी आम्ही सगळे जमतो. करायचं मामांनी, चव बघायची मामींनी. पहिला गोळा बशीत निघतो. मामा तो मोडून, फुंकून मामींपुढे धरतात. मामी डोळे मिटतात. मामांचा श्वास थांबलेला असतो, कारण त्यांच्या हातचं कसं झालंय हे कळायला त्यांच्याकडे मामींच्या जिभेशिवाय दुसरा पुरावा नाही. मग मामी म्हणतात, “चिमूटभर घाला,” नाहीतर म्हणतात, “असू द्या.” हे ‘असू द्या’ मिळालं की मामा सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखे बाहेर येतात आणि वाढायला घेतात. पानात मीठ वाढत नाहीत. मामींनी पास केल्यावर वर मीठ घेणारे तुम्ही कोण?

दोन वर्षांपूर्वी मामींना वाईट ताप आला. त्यातून त्या उठल्या, पण त्या आखाडात गोळे अळणी लागले. मामा थकले असतील, म्हणून आम्ही गप्प. गेल्या वर्षी असे खारट की पिंपातलं पाणी संपलं. सगळे म्हणाले, “वा मामा, वा!” सगळ्यात मोठा ‘वा’ माझा होता. यंदा मीठच नव्हतं. आणि मी मीठ मागितलं.

मामा हातात डाव घेऊन उभे राहिले. “मीठ?” त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मामी उभ्या होत्या. “तू तर असू द्या म्हणालीस.”

मामी पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते. “मला कळत नाही हो,” त्या म्हणाल्या. “त्या तापापासून काहीच कळत नाही. वासही नाही, चवही नाही.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं.”

“मग सांगितलं का नाय?”

“सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी पातेलं माळ्यावर टाकलं असतं. ओळखत नाही का मी तुम्हाला?”

मामा आमच्याकडे वळले. “आन् तुम्ही? लय गोड माणसं तुम्ही. दोन वर्षं माना डोलवत होता!” कुणी वर पाहिलं नाही. मी तर भाकरीचे पापुद्रे मोजत होतो.

मग मामांनी एक गोष्ट केली जी मी कधी पाहिली नव्हती. वाढता वाढता ते खाली बसले. पातेलं मध्ये घेतलं, मामींना शेजारी बसवलं, मिठाची बरणी मागवली. तळहातावर मीठ घेऊन मामींपुढे धरलं. “आठवतंय का, कसं लागायचं?”

“आठवतं तर. कळवणच्या क्वार्टरमध्ये स्टोव्हवर केले होते तुम्ही, तेव्हाचे सगळ्यात भारी.”

“ते मलाबी आठवतात. मग तेवढं सांग.”

मामी कितीतरी वेळ त्या तळहाताकडे बघत होत्या. “थोडं अजून. आणखी जरासं. हं, असू द्या.”

मामांनी ते रश्शात सोडलं, पातेलं गोल हलवलं, आणि एक गोळा बशीत घेऊन थेट माझ्यापुढे आले. “जावईबापू, आता खरं सांगायचं.”

मी खाल्लं. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी म्हणालो, “मामा, दोन वर्षांत पहिल्यांदा गोळ्यांसारखे लागतायत. पण मीठ किंचित जास्त झालंय.”

“झालंय ना?” मामांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी चुकून काहीतरी कौतुक केलं. “अगं, ऐकलंस का? जास्त झालंय म्हणतात!” आणि मामी हसल्या, पोटभर हसल्या. मग त्यांनी ती बशी माझ्या हातातून घेतली, धुतली, पुसली आणि पुन्हा माझ्याच हातात दिली. “पुढच्या आखाडाला तासभर आधी या,” एवढंच म्हणाल्या.

परतताना स्कूटरवर मी जरा फुशारक्याच मारत होतो. जिल्ह्यातल्या सर्वोत्तम गोळ्यांचा अधिकृत परीक्षक वगैरे. ही मागे बसली होती. घराखाली स्कूटर लावली, तरी ही उतरेना. मग म्हणाली, “तुम्ही माझ्या स्वयंपाकालाही रोज छानच म्हणता.”

मी म्हणालो, “छानच असतो.”

“नसेल तेव्हा सांगत जा हो,” ती म्हणाली. “मला कळतंय तोवर.”