लाँचीवरचं शीड

डिझेल मिळेनासं झालं तेव्हा बाबांनी आमच्या प्रवासी लाँचीवर डोलकाठी उभी केली. वारा असला की इंजिन बंद करून ते शिडावर आमच्या नाटे गावाहून माणसं खाडीपलीकडे नेत. तेवढ्यावर आमचा धंदा तगून होता.

एका दुपारी ताईला अवेळी कळा सुरू झाल्या. डॉक्टर खाडीपलीकडे, आणि टाकीच्या तळाला थोडंच डिझेल उरलेलं. बाबांनी शीड लावलं, पण अर्ध्या खाडीत वारा पडला. लाँच जागीच डुलू लागली.

"बाबा, इंजिन लावा ना! मला नाय सोसवत," ताई माझा हात आवळून ओरडली.

"पुढे ओहोटीची ओढ आहे गो. तिथे डिझेल संपलं तर समुद्रात जाऊ," बाबा कसेबसे म्हणाले. मी ताईच्या मुठीतून हात सोडवला आणि वेड्यासारखी वल्हं मारत राहिले.

खूप वेळाने वारा सुटला. ओढीपाशी बाबांनी इंजिन लावलं आणि आम्ही धक्क्याला लागलो. ताई वाचली, बाळ गेलं. इंजिन आधी लावलं असतं तर ते जगलं असतं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ताई बाबांशी वर्षभर बोलली नाही, आणि बाबांनी तिला कधी समजावलंही नाही.