सटाण्याच्या गाडीवरची धूळ

स्वच्छतेचा आमच्या साडूंइतका मनापासून तिटकारा करणारा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि गंमत म्हणजे हे गृहस्थ महापालिकेतून स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी शहरातला केर, राडारोडा आणि तुंबलेली गटारं यांच्या मागे फिरण्यात घालवली. निवृत्तीनंतर तरी पांढरे कपडे घालून स्वस्थ बसतील असं आम्हाला वाटलं होतं. पण त्यांनी म्हसरूळच्या आपल्या बंगल्यामागे, बागेत, एक छोटी आगगाडी मांडली आणि उरलेलं आयुष्य ती मळवण्यात घालवलं. मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस. पुस्तकावरची धूळ झटकणं हे माझ्या लेखी देवपूजेच्या खालोखालचं काम. त्यामुळे हा माणूस मला शेवटपर्यंत नीटसा उमगला नाही. आता ते नाहीत, आणि माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच आहे.

साडू मूळचे सटाण्याचे. सटाण्याला रेल्वे नाही. कळवणला नाही, वणीलाही नाही. लहानपणी त्यांचे वडील म्हणे रोज संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायचे, आता दोनेक वर्षांत गाडी येणार. ती आली नाही. म्हणून साडूंनी ती आपल्या बागेत आणली. लिंबाच्या झाडाखाली सटाणा, पाण्याच्या टाकीमागे कळवण आणि धुण्याच्या दगडाजवळ वणी. दगडालाच शेंदूर लावून त्यांनी देवीचा गड केला होता. रूळ, डबे, फलाट, बाकं, सगळं खऱ्याच्या बाविसाव्या हिश्शाएवढं. कांद्याच्या गोणी करंगळीच्या पेराएवढ्या. गिट्टी रव्याच्या चाळणीतून चाळलेली, ज्यामुळे माझ्या मेव्हणीला, म्हणजे ताईंना, रव्यासाठी नवी चाळणी आणावी लागली. इथपर्यंत सगळं कुणालाही समजेल. पुढचं समजत नाही. ही गाडी पहिल्या दिवसापासून साठ वर्षं चालत असल्यासारखी दिसली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. मी एकदा भीत भीत विचारलं, "साडूभाऊ, जी गाडी कधी आलीच नाही, ती जुनी कशी होईल?" ते माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत म्हणाले, "आली असती तर आज जुनीच झाली असती ना?"

वस्तू जुनी करण्याचे त्यांचे प्रकार पाहिले की वाटे, यापेक्षा ती खरोखर जुनी होईपर्यंत थांबणं सोपं. निरांजनावर वाटी धरून ते काजळी जमवायचे. सातपूरच्या कारखान्यातून लोखंडाचा कीस आणून तो व्हिनेगरमध्ये भिजवायचे आणि त्या पाण्याने पत्र्यांवर गंज चढवायचे. सटाणा स्टेशनवर सटाण्याचीच धूळ हवी म्हणून तिथली माती बरणीत भरून आणली होती. तशीच कळवणची आणि वणीची. तिन्ही बरण्या माझ्यासमोर ठेवून ते म्हणायचे, "बघा, फरक बघा." मी चष्मा पुसून पाहायचो. मला तिन्हींत मातीच दिसायची. भिंतींवर ओल दाखवायला चहाचं पाणी आटवून बाटलीत भरलेलं असे. एकदा ताई बाजारात गेल्या असताना मी ती बाटली फ्रीजमधून काढली आणि गार चहा समजून अर्धा पेला प्यायलो. साडू धावत आले. मला वाटलं, माझ्या पोटाची काळजी. तर म्हणाले, "अहो, तो कळवणचा पावसाळा होता!"

स्वच्छता खात्यातला अनुभव त्यांनी वाया घालवला नाही. सटाणा स्टेशनच्या भिंतीवर पानाची पिचकारी दाखवायची होती, तर ती कुठे आणि किती उंचीवर, यावर ते कितीतरी दिवस विचारात होते. जेवताना मध्येच थांबायचे. शेवटी तिकिटाच्या खिडकीपासून लांब, अगदी सांध्यात त्यांनी लाल ठिपके मारले आणि मला समजावून सांगितलं, "थुंकणारा माणूस भिंत शोधत नाही, साडूभाऊ. तो कोपरा शोधतो. त्यालाही लाज असते." फिरायला जायचं म्हणून मला घेऊन ते नाशिकरोडच्या मालधक्क्याबाहेर जाऊन उभे राहायचे आणि जाळीतून मालडबे न्याहाळायचे. एका पोलिसाने येऊन विचारलं, "काय काका, काय चाललंय?" साडू म्हणाले, "गंज बघतोय." पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "पाऊस वरून येतो आणि चिखल खालून," साडू त्याला डब्याकडे बोट दाखवून सांगू लागले, "म्हणून वरचा डाग लांब ओघळतो आणि खालचा नुसता ठिपका राहतो. दिसलं का?" पोलीस बराच वेळ खरोखरच पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "हो की वं. लय बारीक नजर हाय तुमची." घरी परतताना साडू इतके खुशीत होते की त्यांनी मला भेळ खिलवली.

त्यांच्या मुलीने पंचाहत्तरीला परदेशातून एक इंजिन पाठवलं. लालभडक, पितळी पट्ट्यांचं, पाहताच हातात घ्यावं असं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलीने विचारलं, "बाबा, आवडलं का? दाखवा ना." साडूंनी जे उचलून दाखवलं ते काळंकरडं, तेलकट आणि मातीने माखलेलं होतं. मग पोरगी म्हणाली, "बाबा, हे कुणी केलं?" साडू अभिमानाने म्हणाले, "आत्ता कुठे ते आपल्याकडचं झालं." या इंजिनावर मात्र त्यांनी वार्निशचा हात मारला नाही. वार्निशने धूळ मरते, असं त्यांचं मत. धूळ धुळीसारखी बसली पाहिजे. म्हणून इंजिन बागेत न ठेवता दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असायचं, आणि त्याला कुणी बोट लावायचं नाही. माझ्या बायकोने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा सवयीने पदराचं टोक पुढे केलं, तर आतल्या खोलीतून गर्जना झाली, "हात लावू नकोस! मोडशील सगळं!" ही इतकी दचकली की पदर तसाच हवेत राहिला.

दसऱ्याला तर त्या घरात नेमाने रणधुमाळी. सकाळी ताई स्कूटर धुवायच्या, मोटार धुवायच्या आणि मग बादली आणि फडकं घेऊन कपाटापाशी उभ्या राहायच्या. "घरातली सगळी वाहनं धुतली. एवढी एक राहिली. अशा अवतारात मी तिला फुलं वाहू का?" साडू कपाटाला पाठ लावून उभे. "हात लावू नकोस! मोडशील सगळं!" "अहो, देवाला काय वाटेल?" "देवाने पाहिलंय मालगाड्यांना." शेवटी ताई झेंडूच्या फुलाने दोन थेंब शिंपडायच्या, साडू लगेच ते रुमालाने टिपायचे, आणि इंजिनावर फूल ठेवलं जायचं. फुलाखाली इंजिनाचं धुरांडं झाकून जात असल्याने पूजा कशाची झाली हे बाहेरच्याला कळायचं नाही. हे सगळं दरवर्षी अगदी याच शब्दांत होई, आणि आम्ही दोघं सोनं द्यायला मुद्दाम लवकर जायचो.

त्यांचे थोरले बंधू एकदाच सटाण्याहून ही गाडी पाहायला आले होते. काठी टेकत लिंबाखाली गेले, वाकून फलाट पाहिला, गोणी पाहिल्या, पाटीवरचं उडालेलं अक्षर पाहिलं. "हाई आपला गावनं टेसन शे?" "हां दादा." म्हाताऱ्याने काठी लिंबाला टेकवली, डब्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "मंग मले बसाड ना गाडीमा." प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेले आमचे साडू त्या वेळी चहाचं बघतो म्हणून आत निघून गेले.

गेल्या वर्षी भाद्रपदात साडू गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. तेराव्यानंतर आम्ही निघताना ताई मला म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला वस्तू सांभाळायची सवय आहे. यांची गाडी तुम्ही बघा. यांनी ठेवली तशीच राहिली पाहिजे." मी हो म्हणालो, आणि तेव्हापासून मी कोड्यात आहे. दर रविवारी मी मऊ ब्रश घेऊन म्हसरूळला जातो आणि लिंबाखाली स्टूल टाकून बसतो. सटाण्याच्या छपरावर शेवाळ दिसतं. हे साडूंनी लावलेलं की या पावसाळ्याने? फलाटावरचे पांढरे शिंतोडे त्यांच्या ब्रशाचे की लिंबावरच्या साळुंकीचे? कपाटातल्या इंजिनावरही आता नवी धूळ बसते आहे, पण ती सटाण्याच्या धुळीवर बसते, आणि वरची काढायला जावं तर खालची येईल. आयुष्यभर धूळ झटकण्याचं काम केलं, आणि आता कुठली धूळ झटकायची हे मला कळेना. बहुतेक रविवारी मी ब्रश न वापरताच परत आणला. ताई विचारायच्या, "झालं का साफ?" मी म्हणायचो, "तसंच आहे." त्यांना हे उत्तर आवडायचं.

पहिल्या वर्षात त्या घरी सण झाला नाही. यंदा वर्षश्राद्ध झालं आणि मागोमाग दसरा आला. आम्ही नेहमीप्रमाणे आपट्याची पानं घेऊन सकाळीच गेलो. स्कूटर धुतलेली होती, मोटार धुतलेली होती. ताई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी बादली, आणि मांडीवर इंजिन. लालभडक. पितळी पट्ट्या उन्हात चकाकत होत्या. दुकानाच्या खोक्यातून नुकतंच काढल्यासारखं.

आम्ही काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "दरवर्षी मी बादली घेऊन जायचे ती काही धुवायला नाही, भावजी. हे ओरडायचे, मग मी थांबायचे. आज स्कूटर झाली, मोटार झाली, आणि हात चालतच राहिला. मी ओरडण्याची वाट बघत होते. कुणी ओरडलंच नाही. आणि गाडी धुऊन झाली."

पावसातसुद्धा धावेल असं बनवलेलं ते इंजिन; पाण्याने त्याचं काही बिघडलं नव्हतं. तरी आम्ही तिघं त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होतो की जणू काही घरातलं माणूस ओळख दाखवत नाहीये. "अगं ताई, परत काळं करता येईल," माझी बायको म्हणाली आणि बादली उचलून लिंबाच्या आळ्यात ओतायला निघाली. ताई एकदम उठल्या. "ओतू नकोस गं! यांचं सगळं त्यातच आहे."

मग त्या बादलीसमोर आम्ही बसून राहिलो. पाणी निवळायला वेळ लागला. तोवर ताईंनी स्कूटरला हार घातला, मोटारीला घातला. वरचं पाणी मी मगाने हलकेच काढून टाकलं तेव्हा तळाशी करडा, गुळगुळीत गाळ दिसला. त्यात सटाण्याची माती होती, निरांजनाची काजळी होती, आणि वर्षभरात बसलेली साधी धूळही असणार. ताईंनी त्यात बोट बुडवलं आणि इंजिनाच्या छपराला लावलं. "वरून काय म्हणायचे हे? पाऊस?" "पाऊस वरून आणि चिखल खालून," मी म्हणालो. "म्हणजे वर ओघळ आणि खाली ठिपके." "का उलट?" "उलट नसावं." "तुम्ही बरोबर असायचात ना त्यांच्या!" "असायचो ताई, पण मला तेव्हाही कळत नव्हतं."

असं करत करत आम्ही ते मळवलं. साठ वर्षांची गाडी काही ते दिसेना. अंगणात खेळून आलेल्या पोरासारखं दिसू लागलं. सटाण्याच्या फलाटाशी ते रुळावर ठेवलं, ताईंनी झेंडूचं फूल वाहिलं. फुलाच्या देठाचं पाणी इंजिनाच्या कडेवरून ओघळलं, आणि ओल्या गाळात एक लांब रेघ उठली. माझ्या बायकोने सवयीने पदराचं टोक पुढे केलं.

"हात लावू नकोस! मोडशील सगळं!"

पदर हवेत राहिला. मी चमकून मागे, घराच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. ओरडल्या होत्या त्या ताई, आणि आमच्या तिघांत सगळ्यात जास्त दचकल्या होत्या त्याही त्याच.

संध्याकाळी इंजिन परत कपाटात गेलं, आणि ती रेघ तशीच वाळली. ती साडूंची म्हणायची, ताईंची, की नुसती झेंडूच्या पाण्याची, हे मला ठरवता आलेलं नाही. रविवारी मी ब्रश तिच्या अलीकडून फिरवतो, मग पलीकडून.