फऱ्याच्या काठावरची खाच

बाबांच्या उजव्या खांद्यामागच्या फऱ्याचं हाड वर आलंय, असं आमच्या घरात सात-आठ महिने सगळेच मानत होते. मीही मानत होते. पाठीवरच्या त्या तिरप्या हाडाची धार शर्टातूनही दिसायची. उरणच्या गोदामात डोक्याच्या वर खोकी चढवायचं काम, त्यात हाड सरकलं असणार. शेजारच्या गावात हाडं बसवणारे एक काका आहेत. ते म्हणाले, रोज तेल लावून दाबा, महिन्यात बसेल. दाबायचं काम माझ्याकडे आलं. मी तळहाताने जोर लावायचे आणि बाबा दात आवळून बसायचे.

मग मला नेरूळच्या कॉलेजात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. अभ्यासाला कॉलेजातून हाडं घरी न्यायला मिळतात. खरी, माणसाची. आईने ती पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, म्हणून मी पडवीत बसायचे. एका रविवारी फरा हातात घेतला, तर त्यावरही तीच तिरपी धार. ती सगळ्यांनाच असते.

मी बाबांना शर्ट काढायला लावला. डावीकडे धारेच्या वर आणि खाली मांस भरलेलं होतं. उजवीकडे दोन्ही जागी खळगे. हाड जागचं हललंच नव्हतं. भोवतालचं मांस झडलं होतं, म्हणून ते दिसत होतं.

हे घरात सांगायचं धाडस मला झालं नाही. फक्त म्हणाले, मोठ्या दवाखान्यात जाऊ.

तिथे दंडात आणि पाठीत सुया घालून तपासणी झाली, एमआरआय झाला. डॉक्टरांनी सांगितलं, फऱ्याच्या वरच्या काठाला एक खाच असते, तिच्यातून जाणारी नस दाबली गेलीय. दुर्बिणीतून खाचेवरचा बंध कापायचा, नस मोकळी करायची. मग त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. बाबांनी त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला.

"सही आज नाय."

आजोबांनी एकदा न वाचता अंगठा दिला होता आणि जमीन गेली होती. तेव्हापासून आमच्याकडे कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही होत नाही. कागद आधी घरी येतो, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत तो वाचला. 'बंध कापणे' इथे बाबांनी हात वर केला. डावा.

"कापनार? मंग खांदा सुटून येल ना."

मी फरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"हाड कुनाचा हाय?"

"माहीत नाही, बाबा."

"त्याची सही घेतली होती का कुनी?"

मी खाच दाखवली आणि तिच्यावरून सुतळी ताणून धरली. खाडीच्या बांधात पाणी जायला उघाडी असते ना, तसं, मी म्हणाले. ही सुतळी म्हणजे वरची फळी. नस खालून जाते. फळी काढली तरी बांध पडत नाही.

ते त्यांना पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न लगेच आला. "आनि फळीच्या वरती काय हाय?"

"रक्तवाहिनी. बहुतेकांना वरूनच जाते."

"मंग फळी कापताना ती नाय का कापनार?"

मी पुस्तक उघडलं. चित्रात लाल रेघ होती, सुतळीच्या वरून गेलेली. ती वाचवतात कशी, हे कुठेच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"इचारू नको तिला," आई दारातून म्हणाली. "ती आता डाक्टरांच्यातली झाली हाय."

ते मला लागलं. पण खरं सांगायचं तर संशय मलाही होता. काकांचं बोलणंही मला असंच पटलं होतं. आता डॉक्टरांचं पटत होतं. फरक मला तरी कुठे कळत होता? आणि हात असाच राहिला तर गोदामातलं काम संपणार, हे बाबा बोलत नव्हते एवढंच.

पुढच्या भेटीत बाबांनी रक्तवाहिनीचं विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बरोबर विचारलंत. आधी ती शोधायची, बोथट अवजाराने बाजूला धरायची, मग कापायचं. नीट दिसली नाही तर कापायचं नाही."

मीही चाचरत विचारलं, "सर, मी रोज तिथे दाबत होते. त्याने...?"

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"त्याने नस दाबली गेली नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वेळ गेला. दुखणं कमी व्हावं. मांस किती भरेल ते मी आज सांगू शकत नाही."

"काका बोलले होते महिन्यात बसल," बाबा म्हणाले.

"मी तसं म्हणत नाही."

बाबांनी खिशातून कागद काढला. उजवा हात टेबलावर उचलून ठेवायला त्यांना डाव्याची मदत लागली. सही झाली. कागद परत देता देता त्यांनी तो पुन्हा ओढून घेतला आणि सहीखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'उजवा'.

"ऑपरेशनच्या दिवशी आम्ही खांद्यावर पेनाने खूणही करतो," डॉक्टर म्हणाले.

"करा. मी जागा असताना करा."