फेनेसचे दाणे

मलावीतल्या बलाका भागात दोरीकाबाई विद्यापीठाच्या एचआयव्ही पाहणीसाठी वीस वर्षं घरोघर फिरत होत्या. पिशवीत वही, भेट द्यायच्या साबणाच्या वड्या आणि घेवड्याचे दहा दाणे असत. "पाच वर्षांनी तुम्ही जिवंत असाल, याची जितकी खात्री, तितके दाणे ताटलीत टाका," असं त्या प्रत्येकाला सांगत.

मागच्या खेपेला एचआयव्हीची लागण झालेल्या फेनेसने दोनच दाणे टाकले होते. तेव्हा तिची मुलगी पहिलीत होती. म्हणूनच आज, पाच वर्षांनी, त्या दारात दोरीकाबाईंचे पाय अडखळले.

"ताई, बाहेर काय उभ्या? साबण विसरलात की काय?" आतून फेनेसच ओरडली. चांगली अंगाने भरली होती. "गोळी एक दिवस चुकत नाही. पोरगी चुकू देईल तर ना!"

ताटली पुढे येताच तिने दहाही दाणे टाकले. मग चुलीजवळच्या टोपलीतला मूठभर घेवडा आणून वर ओतला. "दहांत काय होतंय? पोरीला मास्तरीण झालेलं बघायचंय मला!"

"अगं बाई, वहीत दहाच बसतात," दोरीकाबाई हसत म्हणाल्या.

"मग उरलेले पातेल्यात बसतील," म्हणत फेनेसने घेवडा शिजत घातला आणि त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.