बांध कोरलेली लाईन

चालू असलेली गोष्ट नुसती चालू ठेवणं मला जमत नाही. पंखा नीट फिरत असला की रेग्युलेटर उघडून बघावासा वाटतो. मोटारसायकल चांगलं ॲव्हरेज देत असली की कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवून आणखी मिळतंय का बघतो, आणि मग ती ढकलत आष्ट्याच्या मेस्त्रीकडं नेतो. मेस्त्री विचारतो, "काय केलंसा?" मी म्हणतो, "काय नाय, आपोआप झालं." तो आधी स्क्रूकडं बघतो आणि मग माझ्या बोटांकडं.

अशा माणसाच्या घरात इंटरनेटचा डबा ठेवू नये. आमच्या घरात तो होता.

आमचं घर आष्ट्याच्या पुढं, मळ्यात. फायबर गावापर्यंत आली होती, मळ्यापर्यंत यायची होती. मोबाइलची रेंज गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ यायची, घरात शिरायची नाही. त्यामुळं टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं जुनं ब्रॉडबँड आम्ही टिकवून ठेवलं होतं. हळू होतं, पण शहाणं होतं. कधी पडायचं नाही. मला मात्र त्याचा शहाणपणा दिसायचा नाही, हळूपणाच दिसायचा.

त्यातच वहिनींचा पाठ ठरला. माझा थोरला भाऊ फौजेत, वर्षातून एकदा-दोनदा घरी. वहिनी रहिमतपूरच्या. गणितात एम.एस्सी. झालेल्या, लग्नाआधी साताऱ्यातल्या एका क्लासमध्ये शिकवायच्या. लग्नानंतर त्यांचं गणित दुधाच्या रतिबापुरतं उरलं होतं. आता त्याच क्लासला घरून ऑनलाइन शिकवणारी माणसं हवी होती. सोमवारी सकाळी वहिनींनी नमुन्याचा एक पाठ घ्यायचा, क्लासचे दोन सर तो साताऱ्यात बसून बघणार आणि मग ठरवणार. वहिनी आठवडाभर भाकऱ्या थापताना पुटपुटत होत्या. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, वाटलं सूनबाईनं एखादं व्रत धरलंय.

शुक्रवारी मी सांगलीहून घरी आलो. तिथं मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करतो, म्हणजे दुसऱ्यांनी बिघडवलेलं नीट करतो. स्वतः बिघडवायला शनिवार-रविवार. पिशवीत जुन्या बाजारातून आणलेला एक मोडेम-राउटर होता. वहिनींनी पिशवी बघितली आणि भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाल्या, "भावजी, ते काय आहे?"

"काही नाही. नेट जरा सुधारतो."

"आहे ते चाललंय ना?"

"चाललंय. पण..."

"मग पण कशाला? सोमवारपर्यंत त्या डब्याला हात लावू नका. मंगळवारी काय ते करा."

मी हो म्हटलं. खरंच पाळायचा विचार होता. पण बाहेरच्या सोप्यात बसलो की नजर तिथल्या फळीवरच्या त्या डब्याकडं जायची. त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि माझी बोटं मांडीवर वाजायची. शनिवारी वहिनी शेजारच्या वस्तीवर हळदीकुंकवाला गेल्या आणि मी जुना डबा काढून नवा लावला.

नव्यात मी कंपनीनं भरलेली प्रणाली पुसून दुसरी भरली. हौशी लोक अशा प्रणाली स्वतः लिहितात आणि फुकट देतात. भरताना मध्येच वीज गेली तर डबा कायमचा मरतो. ती पाच-सात मिनिटं मी उभाच होतो, आणि आबा बटणाकडं गेले तरी ओरडत होतो.

"आरं, पंका लावू का नगं?"

"नको, आबा! कशालाच हात लावू नका!"

"उकडाय लागलंय की गड्या."

"उकडू दे!"

डबा जगला. आणि मग मला तो आकडा दिसला.

तांब्याच्या तारेवर आपल्या सिग्नलबरोबर सगळीकडचा गोंगाटही येतो. मोडेम त्या दोघांत थोडी मोकळी जागा राखून ठेवतो. अचानक गोंगाट वाढला तर ती जागा कामी येते आणि लाईन तुटत नाही. दोन रानांच्या मधे जसा बांध असतो तसं. कंपनीच्या डब्यात हा बांध रुंद असतो आणि आपल्याला त्याला हात लावता येत नाही. माझ्या नव्या डब्यात एक आज्ञा लिहिली की तो हवा तेवढा कोरता येत होता.

आता आमच्या भागातल्या माणसाला बांध दाखवून कोरू नको म्हणायचं, हे जरा अवघडच. नांगर दरवर्षी चार बोटं पलीकडं जातोच. मी पहिल्यांदा थोडा कोरला. वेग वाढला. आणखी कोरला. आणखी वाढला. जुन्या डब्याच्या जवळजवळ दुप्पट. बांध नुसती रेघ उरला तेव्हा थांबलो. लाईन दिवसभर हलली नाही. रविवारीही हलली नाही. सोप्यात बसून मी पाण्यासारखे व्हिडिओ बघितले.

वहिनींना कळलं तेव्हा त्या चिडल्या, पण भावाशी व्हिडिओवर बोलून बघितलं तर त्याच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. "बरं दिसतंय," त्या नाइलाजानं म्हणाल्या. "पण सोमवारी पडलं तर?"

"पडलं तर मिशी काढीन."

"तुम्हाला कुठं आहे मिशी?" त्या म्हणाल्या.

सोमवारी मी रजा टाकली. वहिनींनी सोप्यात पांढरा फळा टेकवला, इस्त्रीची साडी नेसल्या. मी लॅपटॉप ठेवला, स्टुलावर बसलो, उठलो, वायर दाबली, परत बसलो. "भावजी, बाहेर बसा," त्या म्हणाल्या. मी उंबऱ्यावर बसलो. आबा खोरं खांद्यावर टाकून उसाला पाणी द्यायला निघाले होते. मी बघितलं. बघूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

पाठ सुरू झाला. वहिनींचा आवाज सुरुवातीला बारीक होता, मग मोकळा झाला. वर्गमूळ समजावत होत्या. एक सर हसल्याचं ऐकू आलं. मी उंबऱ्यावर स्वतःची पाठ थोपटत होतो.

आणि विहिरीकडून आवाज आला. घुंऽऽऽ.

मोटर. मी आत वळून बघितलं. डब्यावरचा हिरवा दिवा विझला, लुकलुकला, परत विझला.

शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडं एक आठवडा रात्री असते, एक आठवडा दिवसा. पाळी सोमवारी बदलते. हे मळ्यातल्या म्हशीलासुद्धा माहीत असावं. मी बांध कोरला शनिवारी, रात्रपाळीच्या आठवड्यात. दिवसा सगळ्या विहिरींच्या मोटरी गप्प होत्या आणि मी त्या शांततेवर खूश होतो. रात्री लाईन पडत असणार, पण तेव्हा मी झोपेत होतो. आज लाईट दिवसाची झाली. शिवारातल्या मोटरी सुरू झाल्या आणि त्यांचा गोंगाट तारेत शिरला. सगळ्यात जास्त आमच्याच मोटरीचा. उसानं भरलेल्या ट्रॉल्यांना टेलिफोनची लोंबती वायर अडकायची, म्हणून ती पार विहिरीपर्यंत मोटरीच्या केबलीला पट्ट्यांनी बांधणारा इंजिनिअर मीच. लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून तिला ऑटो बसवणाराही मीच. जुना डबा हे सगळं वर्षानुवर्षं मुकाट सोसत होता, कारण त्याचा बांध शाबूत होता.

वहिनी फळ्यासमोर तशाच उभ्या होत्या. "भावजी," त्या एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पळालो. नुकतं पाणी सोडलेल्या सरीतून पळायचं नसतं. एक चप्पल चिखलात राहिली, पुढच्या सरीत मी स्वतः राहिलो. उठून मोटरीच्या खोपीत घुसलो आणि स्टार्टर बंद केला.

उसातून आबांचा आवाज आला. "आरं कुणी बंद केली? सरी निम्मी हाय!"

"मी! वहिनींचं लेक्चर चाललंय!"

"मग त्या घरात घेत्यात न्हवं? का मोटरीत बसून घेत्यात?"

"आबा, नंतर सांगतो!"

"तुजं नंतर लय असतंय बग!"

धापा टाकत घरी आलो. दिवा हिरवा झाला होता, पण सोप्यात वहिनी नव्हत्या. फळा होता, लॅपटॉप होता. वाटलं, गेलं. रडत कुठं बसल्या असतील. तेवढ्यात लॅपटॉप आपोआप जोडला गेला आणि पडद्यावर तीन चौकोन उमटले. पहिल्यात साताऱ्याचे दोन सर. दुसऱ्यात वहिनी, गच्चीवर, वाऱ्यानं पदर उडतोय. मोबाइल कठड्याला टेकवून त्या प्लॅस्टिकच्या काळ्या टाकीवर खडूनं वर्गमूळ काढत होत्या. टाकी गोल, त्यामुळं समीकरण अर्ध्यावर वळून मागं जात होतं आणि त्याच्यामागं वहिनीही टाकीभोवती जात होत्या. तिसऱ्या चौकोनात कानापर्यंत चिखल माखलेला, तोंड उघडं टाकलेला एक इसम.

सर दचकले. "हे कोण?"

वहिनी टाकीमागून आल्या. मोबाइलकडं वाकून बघितलं. "ते आमचे भावजी, सर. नेटचं तेच बघतात."

"दिसतंय," सर म्हणाले.

मी लॅपटॉप मिटला आणि उंबऱ्यावर जाऊन बसलो. वरून खडूचा आवाज येत होता. त्या गणित पुरं करून खाली आल्या तेव्हा साडीच्या निऱ्यांना शेवाळ लागलं होतं. क्लासनं पंधरा दिवस शिकवून बघा म्हटलं होतं, रोज सकाळी. फक्त नेट पक्कं ठेवा. हे त्यांनी मला सांगितलं नाही, आबांना सांगितलं, आणि विचारलं, "आबा, दिवसाची लाईट आता कवापर्यंत?" इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'कवा' मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवशीच मी बांध पहिल्यापेक्षाही रुंद केला, आणि टेलिफोनची वायर केबलीपासून सोडवून वेगळ्या खांबांवरून नेली. आबा खाली उभे राहून म्हणत होते, "ह्येबी तूच बांधलंतंस न्हवं?" वहिनींनी डब्याचा पासवर्ड बदलला. नवा मला अजून माहीत नाही.

पहिल्या तासाला मी उंबऱ्यावर हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. लाईट आली, विहिरीवर घुंऽऽ सुरू झालं. आत वहिनींचा आवाज चालूच राहिला. एका मुलानं काही विचारलं, त्या हसल्या. वेग निम्मा होता आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. अगदी थोडा कोरला, नखाएवढा, तर काय होतंय?

पासवर्ड नसला तरी अशा डब्याच्या मागं एक बारीक भोक असतं. टाचणी घालून दाबलं की पासवर्ड पुसला जातो आणि डबा पुन्हा ज्याचा हात त्याचा. तास संपून वहिनी चहा टाकायला गेल्या तशी मी टाचणी घेऊन फळीपाशी गेलो आणि डबा हळूच उलटा केला.

भोकावर लाल टिकली चिकटवलेली होती.