काढायच्या पॅकेजची यादी

त्याने वही माझ्या तोंडावर मारली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याचा कोपरा ओठात घुसला. मग उजव्या कानाखाली हात बसला. खुर्चीसकट मी भिंतीवर आदळले. ऑफिसात आणखी चार जण होते. चौघेही आपापल्या स्क्रीनकडे बघत राहिले.

"कोलंबी सोलणाऱ्यांच्या हातात सर्व्हर दिला, माझीच चूक," तो म्हणाला.

तो आमचा सिनियर. मालकांचा भाचा, पुण्यात शिकून आलेला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतलं आमचं ऑफिस मासळीच्या कारखान्यांना वजनाचे, साठ्याचे प्रोग्राम करून देतं. त्यातल्याच एका कारखान्यात माझी आई कोलंबी सोलते. बर्फाने तिच्या बोटांची टोकं फाटलेली असतात. त्या बोटांवर मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी.

आमच्या कॉलेजात वर्गाला सहा कॉम्प्युटर होते. प्रोग्राम आधी जर्नलमध्ये हाताने लिहायचा, मॅडमची सही घ्यायची, मगच मशीनवर बसायचं. सही नसली तर मॅडम खुर्चीवरून उठवायच्या. मला ती सवयच लागली. नोकरीतही मी प्रत्येक कमांड वहीत लिहायची आणि सर्व्हरला हात लावण्याआधी सिनियरची सही मागायची. सगळे हसायचे. सही करताना तो म्हणायचा, "बाईंना दहापैकी नऊ." मीही हसायची. यांनी मला नोकरी दिली, एवढं तर सोसायला हवं, असं वाटायचं.

सर्व्हरवर पायथनची ढीगभर पॅकेज, म्हणजे प्रोग्रामना लागणारे तयार भाग, साठली होती. कोणी कधी टाकली, कशाला टाकली, कुणालाच माहीत नव्हतं. सोमवारी त्याने काढायच्या पॅकेजची यादी सांगितली, मी लिहून घेतली. अकरा नावं. सातव्या नावावर माझा हात थांबला. आमचे प्रोग्राम डेटाबेसमधली माहिती त्याच पॅकेजने आणतात असं मला वाटत होतं. पॅकेज काढताना मशीन सांगत नाही, की दुसऱ्या कुणाचं काम यावर अडलेलं आहे. काढ म्हटलं की काढतं. मी तेवढंच विचारलं.

"सांगितलं तेवढं कर. डोकं चालवू नको."

सातव्या नावाशेजारी मी लिहिलं, 'विचारले. काढा म्हणाले.' त्याने न वाचता खाली सही ठोकली. मी अकराही पॅकेज काढली.

मंगळवारी सकाळी आईच्या कारखान्यात वजनाचा प्रोग्राम उघडेना. मासळीच्या गाड्या गेटवर अडकल्या, बर्फ वितळायला लागला. मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून झापलं. बाहेर आला तो सरळ माझी वही उचलूनच.

मारून झाल्यावर तो थुंकी लावून पानं उलटू लागला. तेव्हा मला कळलं. त्याला ते पान फाडायचं होतं.

मी उठले. तोंडात रक्त होतं. त्याचं मनगट धरलं. सुट्टीत मीही कोलंबी सोललीय, माझ्या बोटांत जोर आहे. मनगट पिरगळलं, टेबलावर आपटलं, वहीवर दाबून धरलं. तो ओरडला. मी आणखी दाबलं. ते हाड मोडावं असं मला वाटत होतं. खरं तेच लिहिते.

मालक बाहेर आले, तेव्हा मी सोडलं. त्यांनी पान वाचलं. सातवं नाव, त्यापुढचं माझं अक्षर, खालची सही. सगळं वाचलं. मग शांतपणे म्हणाले, "पोरी, माफीनामा लिहून दे, विषय संपव. तुला आम्ही घेतलं, हे विसरू नको. आणि दोन थपडांचं एवढं काय? तुमच्यात चालतंच की."

तुमच्यात.

मला यांनी घेतलं? मी परीक्षा देऊन आले होते. पहिली आले होते. मी ऋणी आहे ती आईची. मॅडमची. या मामा-भाच्यांचं मी काय देणं लागते? दीड वर्ष खाली मान घालून हसले, ते कशासाठी?

"माफीनामा यांना लिहू द्या," मी म्हणाले. "तपासून सही मी करते."

मग मी खुर्ची सरळ केली आणि बसले. ते सातवं पॅकेज परत टाकलं. यांच्यासाठी नाही. तिकडे बायका ताटकळल्या होत्या, त्यांत माझी आई होती. कमांड आधी वहीत लिहिली. सहीच्या जागी माझी सही केली. प्रोग्राम सुरू झाला. वही पिशवीत घातली आणि तिथून सिव्हिलला गेले. कानाचा पडदा फाटला होता. तसं डॉक्टरांकडून लिहून घेतलं, मग पोलीस ठाण्यात. हवालदार म्हणाले, नोकरी जाईल हां. मी म्हटलं, लिहा.

नोकरी गेली.

घरी आईने कानातला कापूस बघितला. "काय झाला गो कानाला?" मी सगळं सांगितलं. तिने पदर ओला करून माझा ओठ पुसला. मग म्हणाली, "केस मागे घेव नको."

घेणार नाही. पोलिसांना त्या पानाची झेरॉक्स दिलीय. वही माझ्याकडे आहे. कोर्टात ते पान मी त्याच्यासमोर उघडीन आणि सातवं नाव त्याच्याच तोंडून वाचून घेईन. उजव्या कानाने मला आता कमी ऐकू येतं. तेवढं मोठ्याने त्याला वाचावं लागेल.

त्या दिवशी मालक आले म्हणून मी मनगट सोडलं. पुढच्या वेळी कुणीही आलं तरी सोडणार नाही.